दोन दिवसांच्या गोळ्या

दौंडात माझं औषधांचं दुकान होतं, तेव्हा दर हिवाळ्यात राहू गावाकडचा एक म्हातारा मेंढपाळ यायचा. छाती कायम घरघरायची. खोकला आला की घोंगडीचं टोक तोंडावर धरायचा. चिठ्ठी सात दिवसांची असली तरी गोळ्या दोनच दिवसांच्या मागायचा.

एकदा मी वैतागलो. "आबा, कोर्स अर्धवट सोडला की जंतू मरत नाहीत, उलट चिवट होतात!"

"ठावं हाय की. मेंढरं खोकत हुती तवा डॉक्टर ह्येच बोलला. पोरानं समद्यांची इंजेक्शनं पुरी केली."

"मग तुमच्याच गोळ्या अर्ध्या का?"

बाहेर त्याचा पोरगा मोटारसायकलचा हॉर्न वाजवत होता. म्हाताऱ्यानं गोळ्या कनवटीला लावल्या.

"मेंढराला बाजारात गिऱ्हाईक आसतंय," तो म्हणाला. "मला कोन घेतंय?"