रत्नपाल मिस्त्रीची दोरी

कवडू रत्नपाल मिस्त्रीकडे गेला नाही, त्याची प्रवासी जीप गेली. २००३ साली सडक अर्जुनीच्या हायवेवर ती डावीकडे इतकी ओढायची, की स्टिअरिंग पिळून पिळून कवडू एका दंडाने पैलवान आणि दुसऱ्याने कारकून झाला होता. त्या दिवशी घाम पुसायला त्याने हात सोडला. जीप चहाची टपरी, दोन शेळ्या आणि एका बारशाची पंगत चुकवून थेट रत्नपालच्या टिनाच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. मिस्त्री पान्हा पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्यापेक्षा गाडीले अक्कल हाय. दवाखाना तिले बरोबर सापडला."

कवडूने चाकं तेवढी सरळ करून मागितली. रत्नपाल आधी गाडीखाली शिरला. स्प्रिंगचा एक पाटा तुटलेला, रबरी बुश झिजलेले. हे बदलल्याशिवाय चाकांना हात लावणार नाही, असं त्याने खालूनच ऐकवलं. ते बदलून कवडू रिकामी जीप घेऊन आला, तर त्याला परत पाठवलं. ही जीप कधी जन्मात रिकामी धावली का, असं मिस्त्रीने विचारलं. चौदा माणसं बसली की पाटे दबतात, चाकांचा रोख बदलतो. रिकाम्या गाडीची चाकं जुळवणं म्हणजे उपाशी माणसाच्या मापाने पँट शिवणं.

मग कवडूने बाजाराची खेप तशीच शेडमध्ये आणली. चौदा प्रवासी आणि एक कोंबडा श्वास रोखून बसले. रत्नपालने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली आणि एक डोळा मिटला. पुढच्या टायरच्या मागच्या कडेला दोरी टेकावी, पुढच्या कडेपाशी धानाच्या दाण्याएवढी फट राहावी, असा त्याचा हिशेब. मागच्या सीटवरची मंदाबाई शिंकली म्हणून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी सरळ रस्त्यावर हात सोडून दहापर्यंत मोजायचं. जीप रेषा धरून गेली.

दर सहा महिन्यांनी हे चालायचं. प्रवासीही सरावले, शिंका घरी उरकून येत.

२०११ साली दोरी ताणल्यावर कवडूला अंगठाभर फट दिसली. रत्नपाल म्हणाला, बरोबर आहे. त्याच्या डोळ्यांत दुधाळ पांढरं आलं होतं. फट मंदाबाईलाही दिसली. ती मांडीवरच्या टोपलीकडे बघत राहिली. ज्याच्या शब्दावर ट्रकवाले रायपूर गाठत, त्याला चूक कोण सांगणार? कवडूने रस्त्यावर हात सोडले. चारच्या आकड्याला जीप डावीकडे गेली. परत येऊन तो म्हणाला, "सरळ गेली, मिस्त्री."

महिन्याभराने जीप टपरीपाशी उभी असताना रत्नपाल आला आणि सवयीने पुढच्या टायरवर तळवा फिरवला. बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर करवतीसारखं, म्हणजे चाकं महिनाभर तिरकी घासत होती. तो चहा पिणाऱ्या कवडूकडे वळला.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमाले वाईट वाटन म्हणून."

"आन् गाडीत चौदा लोकं घेऊन जाऊन राहिला होतास."

दुसऱ्या दिवसापासून शेडला कुलूप लागलं.

पुढच्या हिवाळ्यात रत्नपालच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. समोरच्या नव्या कॉम्प्युटर व्हील अलाइनमेंटच्या दुकानाची पाटी त्याला आता बंद शेडच्या ओट्यावरून वाचता येते. कवडू तिथेच जातो. तिथे गाडी रिकामी आणायला सांगतात.