नव्या भिंतीवरचं घड्याळ

नव्या घराला गावाकडचा थाट द्यायचा होता. मातीच्या रंगाची भिंत झाली, सागाचं बाकडं आलं. राहिलं फक्त भिंतीवरचं घड्याळ. दुकानातली घड्याळं पॉलिश पेपरने घासून मुद्दाम जुनी केलेली होती. मी सर्वांत मोठं, लंबकाचं निवडलं.

"अहो, भिंत खाऊन टाकेल ते!" बायको म्हणाली.

"खाऊ दे."

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. आप्पा गेल्यावर त्यांचं लंबकाचं घड्याळ दादाने मला न विचारता आपल्या घरी नेलं होतं. नवी वस्तू घासून जुनी करता येते. जुना राग कितीही घासला तरी नवाच राहतो. वास्तुशांतीला दादा येणार होता. त्याचं पान मी घड्याळासमोरच मांडणार होतो. टोल पडावा आणि त्याचा घास अडकावा, इतकं वाईट मी सख्ख्या भावाचं चिंतलं. लाज वाटत होती, आणि गोडही वाटत होतं.

तो आला, घड्याळाकडे बघत पोटभर जेवला. टोल पडले तशी वहिनी घाबरली. "अहो उठा, दोन वाजले, बस चुकेल!"

"बस गं, दहा मिनिटं आहेत अजून. आप्पांसारखंच पुढे लावलंय त्याने," दादा म्हणाला आणि ताकासाठी वाटी माझ्यापुढे केली.

घड्याळ लावताना माझ्या हाताने काटे आपोआप दहा मिनिटं पुढे नेले होते, हे मला तेव्हा कळलं. मी ताक वाढलं. घड्याळ त्याने आधीच नेलं होतं. आता सूडही नेला.