‘काय जाऊ नये?’ असे विचारणारे साळवे सर

साळवे सरांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती नवा फोन घ्यायला, आणि परतले ती जुनाच फोन घेऊन. औरंगपुऱ्यातल्या त्या अरुंद दुकानात सर भिंगाखाली काहीतरी पाहत होते. मी म्हणाले, "बारा जीबी रॅमचा फोन दाखवा."

"कशासाठी?" त्यांनी मान वर केली नाही.

"माझा सारखा हँग होतो."

"माणूसबी होतो. म्हणून बदलतो का? आण इकडं."

सरांनी फोनमधले स्टोरेजचे पान उघडले आणि मला ते मोठ्याने वाचायला लावले. नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या सुप्रभातच्या व्हिडिओंनी निम्मा फोन भरला होता. सर म्हणाले, "तुझी रॅम बरी आहे बाळ, जागा संपलीय. दोन्ही वेगळं. हे टेबल बघ. आत्ता जे काम चाललंय तेवढंच यावर. ही रॅम. मागं भिंतीला डबे आहेत, ती साठवण. डबे गच्च भरले की उचल-ठेव करता येत नाय. मग टेबल कितीबी मोठं असू दे, माझा हात अडकतोच."

मी आणखी विचारत राहिले. डबे किती रिकामे ठेवायचे? फोन बंद केला की टेबलावरचे कुठे जाते? शेवटी सर हसले. "एवढे प्रश्न आहेत तर उद्यापासून येऊन बस." मी गेले. त्याला आता चार वर्षे झाली.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, तेव्हा आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटली. सरांची एकच अट होती, "वाढवून लिहू नको." म्हणून जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिते. माझे आईवडील मेंढरांमागे फिरत. नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती. आईने पाटीवर अक्षरे शिकवली, आणि लिहिलेले दोनदा वाचून बघायची सवय लावली. हा लेख मी सात वेळा वाचला आहे.

सरांनी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग मोबाइल. वस्तू बदलत गेल्या, गिऱ्हाइकाला गरजेपेक्षा मोठी वस्तू द्यायची नाही हा हट्ट मात्र बदलला नाही. मागे एका कॉलेजातल्या मुलीने सोळा जीबी रॅम मागितली. बोलता बोलता ती उघडी ॲप्स एकेक करून बोटाने वर सरकवून बंद करत होती.

सर म्हणाले, "हे काय चाललंय?"

"रॅम रिकामी करतेय, काका."

"रिकामी ठेवायला घेतली व्हय? उघडलेलं ॲप टेबलावर तयार ठेवलं की पुढच्या वेळी लगेच मिळतं. तू बंद केलंस की फोन ते पुन्हा डब्यातून काढतो. त्यात बॅटरी जाते. जागा लागली की तो आपलं आपण आवरतो. त्याला करू दे की त्याचं काम."

मग त्यांनी तिला नीट समजावले. बोलणे, निरोप, बँक, नकाशा आणि थोडे व्हिडिओ एवढेच असेल तर सहा जीबीत भागते. फोन चार-पाच वर्षे चालवायचा असेल तर आठ घ्यावी. मोठे गेम खेळणाऱ्यांनी किंवा व्हिडिओ जोडण्याचे काम करणाऱ्यांनी बारा घ्यावी. जाहिरातीतली ‘वाढीव रॅम’ म्हणजे डब्यांच्या फळीवर मांडलेले जादा टेबल, तिथे हात सावकाशच चालतो. साठवणीचा जो आकडा खोक्यावर असतो, त्यातला बराच भाग फोन स्वतःसाठी ठेवतो, हेही त्यांनी सांगितले. मुलगी आठचा फोन घेऊन गेली.

सरांचे दोष लिहायचे नाहीत असे कुणी म्हटलेले नाही. त्यांचे अक्षर त्यांनाही वाचता येत नाही. आणि गिऱ्हाईक चिडले की ते आणखी खरे बोलतात, त्यामुळे काही माणसे कायमची शेजारच्या दुकानात गेली.

सरांच्या दुकानाची एक रीत आहे. कोणताही फोन उघडण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्यायचे : ‘यातले काय जाऊ नये?’ दुसरी रीत अशी की, एका फोनवर एका दिवशी एकाच प्रकारची सफाई करायची. काही बिघडले तर कशाने बिघडले ते कळते. ही दुसरी रीत मला वेळखाऊ वाटायची. तिचे मोल कळले ते माझ्या चुकीमुळे, आणि ती चूक सांगितल्याशिवाय सर कोण आहेत हे सांगता येणार नाही.

पाचोडजवळच्या ठकूमावशी शहागंजात खरेदीला आल्या होत्या. जाता जाता त्यांनी फोन आणला. तो भरला होता, फोटो निघत नव्हता. जावई नवा घ्या म्हणत होते. सर बाहेर गेले होते. मी विचारले, "मावशी, काय जाऊ नये?"

"माझी मेंढरं जाऊ नाय द्यायची बाई. बाकी काय बी टाक."

त्यांची मेंढरे त्या वर्षी दिराच्या कळपात चरायला गेली होती. पंधरा दिवसांनी कळप वेगळे करायचे होते. आदल्या वर्षी वेगळे करताना भांडण होऊन काही महिने बोलणे तुटले होते, म्हणून मावशींनी या खेपेला पाठवण्याआधी एकेका मेंढीच्या तोंडाचा फोटो काढून ठेवला होता. मी चिठ्ठीवर ‘मेंढरांचे फोटो’ असे स्वच्छ लिहिले.

फोनने ‘सारखे फोटो’ म्हणून गट करून दाखवले आणि प्रत्येक गटातला चांगला एक ठेवायला सुचवले. मी तसे केले. कचऱ्याची पेटी रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही, म्हणून तीही केली. मेंढरांचे फोटो राहिले, चिठ्ठी पाळली, असे मला वाटले. उरलेली सफाई पुढच्या खेपेला ठेवून मी फोन दिला.

संध्याकाळी जेवताना आईला हे कौतुकाने सांगितले. आईने विचारले, "तोंडं सारखी व्हती?"

"मेंढरंच की गं."

म्हणतानाच चूक माझ्या ध्यानात आली. माझे वडील दीडशे मेंढरांतून एकेकीला नावाने हाक मारत. सारखी दिसणारी म्हणून मी जी पुसली, ती प्रत्येक वेगळी मेंढी होती.

मावशींना अजून काही माहीत नव्हते. मी गप्प राहिले असते तर फोनच बिघडला असे त्यांना वाटले असते. सकाळी शटर उघडण्याआधी मी दुकानासमोर उभी होते. सर आले आणि मी सगळे सांगितले. उद्यापासून येऊ नको, हे ऐकायची तयारी ठेवली होती.

सरांनी एवढेच विचारले, "आणखी काय काय पुसलंस?"

"काही नाही. बाकीचं पुढच्या खेपेला. तुमची रीत."

"मग चल."

त्यांनी मावशींना फोन लावला. "ताई, आमच्याकडून चूक झालीय. फोन बंद करून ठेवा, एकबी नवा फोटो काढू नका. आम्ही पाचोडच्या स्टँडवर येतोय, तिथं या." दुकानाला कुलूप लावून आम्ही स्कूटरवरून पाचोडला निघालो.

एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात मावशी बसल्या होत्या. सर म्हणाले, "चूक माझ्या दुकानाची आहे."

मी म्हणाले, "नाही मावशी, माझी."

मावशींनी माझे गाव, कूळ विचारले. मग म्हणाल्या, "मेंढक्याची पोर ना तू? अन् तुला समदी सारखी दिसली?"

सर म्हणाले, "फोनला सारखी दिसली, ताई. पोरीनं डोळ्यांपेक्षा फोनचं जास्त ऐकलं. मी तिला फोन शिकवले, हे शिकवायचं राहिलं."

तो फोन जुना होता. असे फोन प्रत्येक फोटोची एक छोटी नक्कल वेगळी साठवून ठेवतात, म्हणजे फोटोंची यादी चटकन दिसावी. मूळ फोटो पुसला तरी ती नक्कल कधीकधी मागे राहते. सफाईत तिलाही कचराच धरतात, आणि पुढच्या खेपेला मी ती पुसणारच होते. सरांनी तो फोल्डर उघडला. बोटाच्या नखाएवढी तोंडे, अंधूक, एकामागून एक वर येऊ लागली.

मावशी फोन डोळ्यांजवळ धरून बोलत गेल्या. "ही चांदी. ही कानफाटी. ही लई मायाळू, दुसरीच्या पिल्लाला पाजती. ही बोडकी. व्हय, ही बी माझीच." एक मात्र सापडली नाही, कपाळावर टिळा असलेली. सर म्हणाले, "तिचा फोटो आमच्या हातून गेला, हे सांगायला मी येतो साक्षीला."

वेगळे करायच्या दिवशी सर खरोखर गेले. त्यांची गरज पडली नाही. अंधूक फोटो बघून दिराने मान हलवली आणि टिळ्याची मेंढी स्वतःच मावशींकडे ढकलली. संध्याकाळी मावशींचा फोन आला, "समदी आली घरी. भांडण नाय, तंटा नाय. तुझ्या सरांना सांग. अन् पोरी, तू बी ये एकदा मेंढरं बघायला." मी गेले. सगळ्यांची नावे पाठ करून आले.

तेव्हापासून चिठ्ठीवर दुसरी ओळ आहे. ती सरांनी माझ्या अक्षरात लिहून घेतली : ‘सारखे दिसते ते सारखे आहे का, मालकाला विचारा.’

या ग्रंथासाठी सरांचा फोटो हवा होता. त्यांच्या स्वतःच्या चार जीबीच्या जुन्या फोनमध्ये एकही नव्हता. माझ्या फोनमध्ये सात निघाले, सगळे टेबलावर वाकलेले. एकात चष्मा कपाळावर आहे, एकात ओठ मुडपलेले, एकात त्यांना नुकताच बिघाड सापडलाय आणि हसू फुटायच्या बेतात आहे. फोन म्हणतो, सातही सारखे, एकच ठेवा. मी एक संपादकांना दिला आणि सातही ठेवले आहेत. सर, तुमची दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, हात असाच स्थिर राहो, आणि निरोगी, दीर्घ आयुष्यात तुम्ही त्या टेबलावर इतके दिवस बसा की असे फोटो ठेवायला मला खरोखरच मोठ्या साठवणीचा फोन घ्यावा लागो. तो कोणता घ्यायचा, हे मी तुम्हालाच विचारीन.