टोपी न काढणाऱ्याची बायको

ताठ कण्याच्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. लोक त्यांच्यावर भाषणं करतात. त्यांच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. माझे बाबा असे ताठ होते आणि त्या ताठपणापायी आम्ही दुबईतून उठून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला जाऊन पडलो, तेव्हा मी बारा वर्षांची होते.

झालं होतं एवढंच. मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे एक बडे कंत्राटदार. बाबांचं दुबईतच रास अल खोरला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप होतं, त्याला निम्मं काम या गृहस्थांकडून यायचं. ते दोन तास उशिरा आले. आम्ही पोरी नऊवारी नेसून विंगेत ताटकळत उभ्या होतो, एकीला तर चक्कर आली. पाहुणे आत आले तसं अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. बाबा तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसून राहिले. कुणीतरी खांद्याला हात लावला, तर मोठ्यानं म्हणाले, "मुलं दोन तास उभी आहेत. आधी त्यांना बसवा, मग मी उठतो."

इथवर मी बाबांच्या बाजूची होते. मंडळानं माफीचं पत्र मागितलं, ते त्यांनी दिलं नाही, तिथवरही होते. पण नंतर त्यांनी त्या कंत्राटदाराचं काम आपणहून सोडलं, वर्कशॉप उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात हलवलं आणि एका दुपारी जेवता जेवता आईला सांगितलं, "या शुक्रवारपासून तुझा वर्ग बंद. त्या लोकांशी आपला संबंध खलास." आणि ताक मागितलं.

आईचा वर्ग दुबईत करामाला भरायचा, मंडळाच्या एका सभासदाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. लग्नाआधी ती सांगलीला शाळेत शिकवायची. इथे तिला स्वतःचं असं तेवढंच होतं, दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी दोन तास, बारा-तेरा मुलं आणि मराठीची मुळाक्षरं. मुलं तिला इंग्रजीत उत्तरं द्यायची, ती मराठीतच विचारत राहायची. आठवडाभर तिची तयारी चाले, कार्डशीटवर चित्रं काढ, गोष्ट निवड, कुणाचं कुठे अडतंय ते वहीत टिपून ठेव.

उम्म अल कुवैनला आमच्या गल्लीत एक मल्याळी कुटुंब, दोन इजिप्शियन आणि समोर खाडीचं उथळ पाणी. मराठी बोलायला बाबा आणि मी. बाबा रात्री यायचे आणि मी शाळेतून आले की टीव्हीपुढे. आईनं मग स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं लिहायला घेतली. हळद, जिरे, साखर, मीठ, टपोऱ्या शाळामास्तरी अक्षरात. सगळे डबे संपल्यावर तिनं जुनी लेबलं काढून पुन्हा नवी लिहिली. मला हे दिसत होतं. बाबांना फक्त डब्यातलं खाणं माहीत होतं.

इंडियन स्कूलमध्ये वर्षाच्या मध्येच जागा नव्हती, म्हणून मला शारजातल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत घातलेलं. तिथे इतिहासाच्या पुस्तकात एक क्वेकर भेटला. क्वेकर हा ख्रिश्चनांतलाच एक पंथ. ते कुणापुढे टोपी काढायचे नाहीत, कोर्टात शपथ घ्यायचे नाहीत, प्रार्थनेला नुसते गप्प बसायचे. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती नव्या होत्या त्या काळचा हा माणूस. न्यायाधीशापुढे टोपी काढली नाही म्हणून गावानं दंड केला, तो त्यानं भरला नाही, आणि बायकापोरं होडीत घालून एका बेटावर जाऊन राहिला. पुस्तकात त्याच्यावर चार पानं होती. बायकोवर एक ओळ होती. 'त्याच्यासोबत त्याची पत्नी आणि पाच मुलेही गेली.'

आम्हाला त्याच्यावर प्रोजेक्ट होता, बेटाचं मॉडेल आणि सोबत पाच मिनिटांचं भाषण. मी बाबांना मॉडेलसाठी प्लायवूड मागितलं आणि कशासाठी ते सांगितलं. बाबा एकदम उठून बसले. "धिस इज कॅरेक्टर! माणूस असावा तर असा. टोपी काढणार नाही म्हणजे नाही!" वर्कशॉपमधून त्यांनी घर करून आणलं, खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या. मी म्हटलं, "बाबा, दे डिडन्ट हॅव अ‍ॅल्युमिनियम." ते म्हणाले, "असतं तर लावलं असतं."

आई कणीक मळत होती. तिनं विचारलं, "त्याच्या बायकोचं काय झालं?"

"गेली की तीही बरोबर."

"तिला विचारलं होतं का त्यानं?"

बाबांनी खिडकीचा स्क्रू पिळला.

त्याच आठवड्यात करामाहून आईच्या मैत्रिणीचा फोन आला. वर्ग घेणारी बाई भारतात परत चालली होती, मुलं वीसच्या वर गेली होती, मंडळाची कमिटीही बदलली होती. मैत्रीण म्हणाली, तू ये, माफीबिफी काही नको, तुझ्या मिस्टरांनी एकदा येऊन चहा घेतला की झालं. आई बाबांना हे सांगताना पदराशी चाळा करत होती. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, शुक्रवारी सकाळी सोडाल का मला?"

"त्या दारात माझी गाडी थांबणार नाही."

सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नव्हता. मी आतल्या खोलीत गेले, लिहिलेलं भाषण फाडलं आणि नवीन लिहायला बसले. शाळेच्या लायब्ररीत मी वाचलं होतं की क्वेकरांच्या सभेत बायकांनाही उठून बोलायची मोकळीक असे. ते मला पुरलं.

शाळेत प्रोजेक्ट दाखवायच्या ओपन हाउसला आईबाबा पहिल्या रांगेत. प्रिन्सिपल आल्या, सगळे उठले, बाबा बसलेलेच. माझी पाळी आली तशी मी म्हटलं की मी त्या क्वेकरची बायको आहे, आणि बोलायला लागले. बाबांचा चेहरा दगडासारखा झाला. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

परत येताना पिकअपच्या पुढच्या सीटवर तिघं, आई मध्ये. तिला माझं भरभर इंग्रजी समजलं नव्हतं. म्हणाली, "काय बोललीस गं? मराठीत सांग." बाबांनी रेडिओ मोठा केला. आईनं हात पुढे करून तो बंद केला.

मी एकेक वाक्य सांगत गेले. "माझ्या नवऱ्यानं न्यायाधीशापुढे टोपी काढली नाही, चांगलं केलं. गावानं त्याला न विचारता कायदे केले म्हणून तो चिडला. मग मला न विचारता त्यानं होडी हाकली, तेव्हा मी कुणावर चिडायचं? त्याची टोपी डोक्यावर राहिली. माझी आई, माझ्या बहिणी, माझी रोजची वाट, सगळं तिकडे राहिलं."

वाटेतलं अजमान मागे पडलं. मग बाबा म्हणाले, "इंग्रजी बरं आहे. विचार कच्चे आहेत."

आई म्हणाली, "मलाही विचारलं नव्हतं. पण मीही काही बोलले नव्हते."

शुक्रवारी सकाळी ती पिशवीत कार्डशीटं घालून निघाली. मी सोबत होते. बाबा मागून पिकअप घेऊन आले, काच खाली केली. "बस. सोडतो."

"त्या दारात तुमची गाडी थांबणार आहे का?"

बाबांनी गाडीचा आरसा नीट केला.

"मग राहू द्या."

शेअर टॅक्सीचा पठाण हॉर्न वाजवत होता. "यल्ला बाजी, बैठो, बैठो!" आई बसली. दुबईत देऱ्याला उतरून दुसरी टॅक्सी केली. चौथ्या मजल्यावर मुलं येऊन बसली होती. आईनं फळ्यावर पहिलं अक्षर काढलं तेव्हा खडू दोनदा मोडला.

मी गॅलरीत आले तर पलीकडच्या गल्लीत, लाँड्रीसमोर, आमची पिकअप उभी. बाबा टॅक्सीच्या मागे मागे सगळी वाट आले होते.

पुढे चार वर्षं, आम्ही तो देश सोडेपर्यंत, दर शुक्रवारी हेच. आई टॅक्सीनं पुढे आणि बाबा मागे. दोन तास काच वर करून, एसी लावून, लाँड्रीसमोर. हे ऐकून बायका म्हणतात, अगंबाई, किती ते प्रेम. मला ऐकवत नाही. खाली लिफ्ट होती. वर चहा तयार असायचा. आई दर वेळी एक कप जास्तीचा टाकायला सांगायची आणि निघताना तो स्वतः बेसिनमध्ये ओतून, कप विसळून ठेवायची.