चारीचं पाणी आणि मोबाईलमधलं शेत

मोबाईलवाल्यांनी माणसं जोडायचं काहीतरी नवं शोधून काढलंय, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. नवीन कसलं डोंबलाचं. आमच्याकडे होतं तेच घेतलं आणि त्यातून माणूस तेवढा वजा केला.

देवळाली प्रवरेजवळ आमची शेती, कालव्याच्या चारीवर. पाण्याची पाळी तासांवर ठरलेली, पण वेळेवर कधीच येत नाही. म्हणून बोलावणं आल्याशिवाय कुणी बांधावर जाऊन ताटकळत नाही. ज्याचं भरणं झालं त्यानं पुढच्याच्या दारात चालत जायचं, "चल, तुझं पाणी" म्हणायचं आणि तो फावडं घेऊन निघेपर्यंत हलायचं नाही. भांडण असलं तरी जायचं. बोलायचं नसेल तर दारात उभं राहून खाकरायचं.

मग चारीचा ग्रुप निघाला. म्हणे पाळी ग्रुपवर कळणार, चकरा वाचणार. सकाळी उघडावं तर गुलाबाची फुलं आणि सुविचार, एकाखाली एक. पारावर बसून कुणी रोज असं बोलला असता तर घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं.

त्यात माझा वरच्या शेताचा शेजारी एक गेम घेऊन आला. मोबाईलमध्ये शेत करायचं आणि एकमेकांच्या पिकाला पाणी द्यायचं. "लई नवीन हाय, भाऊ," म्हणाला. मी नाक मुरडलं. एकमेकांच्या शेतात राबायची सावड आमच्या आज्यांनी केली, तीही घाम गाळून. पण गेम घेतला मी. सांगायला लाज वाटते, पण घेतला.

गहू चिकात होता, दाण्यात नुकतं दूध धरलेलं, आणि कालव्याचं ते शेवटचं आवर्तन. ते पाणी चुकलं की दाणा भरत नाही. माझी पाळी शेजाऱ्यानंतर, सकाळी अकराच्या सुमारास. मी पडवीत बसलो, कान दाराकडे, हातात मोबाईल. वेळ जावा म्हणून शेजाऱ्याच्या खोट्या शेताला पाणी देत होतो. दोन वाजले तरी कुणी येईना, तेव्हा उठून शेतावर गेलो. माझी पाळी संपली होती. पाणी माझ्या गव्हावरून पुढं गेलं होतं आणि खालचा शेतकरी भरत होता.

शेजारी बांधावरच होता. म्हटलं, "बोलवायला का नाही आलास?"

"ग्रुपवर टाकलं हुतं की," तो म्हणाला. "आता चकरा कोन मारतंय?"

ग्रुप उघडून पाहिला. खरंच टाकलं होतं, फुलांच्या ढिगात. मला त्याचा राग आला, पण स्वतःचा जास्त आला. भांडायचं तरी कोणत्या तोंडानं.

मळणीच्या दिवशी दाणे हातात घेतले तर जिऱ्याएवढे, चिमलेले. तिथंच खिशात मोबाईल वाजला. गेममधला माझा गहू कापणीला आला होता. त्याला वेळेवर पाणी दिलं होतं शेजाऱ्यानं.