अर्सेलियोची लाकडं

माझा धाकटा भाऊ अर्सेलियो जन्मला तेव्हा आमच्या सगळ्या बेटावर तो एकटाच पांढरा नव्हता. आमच्या गुना लोकांत अशी मुलं बरीच होतात. दुधासारखी कातडी, मक्याच्या कणसासारखे केस. त्यांना आम्ही सिपू म्हणतो, चंद्राची लेकरं मानतो आणि उन्हापासून जपतो. एवढं सगळं मानतो, पण त्यांना दिसतं कसं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं, तेव्हा मी दुसऱ्यांना काय बोलू?

अर्सेलियोचे डोळे कधी स्थिर नसायचे. धक्क्याला बांधलेली होडी जशी उगीच इकडून तिकडे डुलत राहते, तसे. कुणाकडे नीट बघायचं झालं की तो मान डावीकडे कलती करायचा, म्हणजे डोळे जरा शांत व्हायचे. शाळेतल्या मास्तरांना वाटलं पोरगा टिवल्याबावल्या करतोय. त्यांनी त्याची मान धरून सरळ केली आणि फळ्यावरचं वाच म्हणाले. त्याला वाचता येईना. छड्या खाऊन घरी आला तो आईच्या कुशीत तोंड खुपसून बसला. त्या मास्तरांना मी अजून माफ केलेलं नाही.

पुढे औषधांची बोट आली, तिच्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोळे तपासले. म्हणाल्या, "ह्याच्या डोळ्यांत रंग नाही. तुमच्या बुबुळांना पडदा आहे, उजेड अडतो. ह्याच्यात तो आरपार घुसतो, म्हणून ऊन त्याला टोचतं. आणि डोळ्याच्या मागे बारीक बघायची जी जागा असते, ती पुरती घडलेलीच नाही. चष्म्यानं थोडा फरक पडेल, सगळा नाही." आईनं एकच विचारलं, "दुखतं का त्याला?" बाई म्हणाल्या, "उन्हात दुखतं."

मग आईनं त्याला सावलीत बसवून मोला शिवायला शिकवलं. आम्ही बायका पोलक्यावर लावतो ते रंगीत कापड. एकावर एक थर ठेवायचे, वरचा कातरून खालचा रंग दाखवायचा, कडा दुमडून टाके घालायचे. अर्सेलियो कापड नाकाला लावून शिवायचा. मी चिडवायची, "अरे, शिवतोस की हुंगतोस?" तो म्हणायचा, "ताई, तुझे टाके हुंगले तर शिंक येईल." खोटं कशाला बोलू, त्याचे टाके माझ्यापेक्षा बारीक होते आणि मला त्याचा राग यायचा.

त्या मोल्यांवरच एलिदा भाळली. पलीकडच्या गल्लीतल्या बालबीनोची मुलगी. रीतीप्रमाणे पोरांनी अर्सेलियोला उचललं, पळवत नेऊन तिच्या झोपायच्या झुल्यात टाकलं. तो दोनदा पळाला, तेही रीतीप्रमाणे, आणि तिसऱ्यांदा राहिला. पण आमच्यात तेवढ्यानं लग्न पक्कं होत नाही. नवरा मुलगा सासरी राहायला येतो, आणि पहिल्या सकाळी सासऱ्याबरोबर होडीनं पलीकडच्या रानात जाऊन सासूच्या चुलीसाठी लाकडं आणतो. लाकडं पसंत पडली तर जावई. नाहीतर झुला उचल आणि आईकडे जा.

एलिदाची आई रूपेर्ता तोंडाची फटकळ. तिनं आधीच सुनावलं होतं, "शिवणारा माणूस माझ्या घरात आधीच एक आहे, मी. मला रानात जाणारा हवाय."

बालबीनो मात्र मनानं भला. त्याला वाटलं, पोराला ऊन सोसत नाही, तर उजाडायच्या आतच जाऊ. सिपूंना अंधारात मांजरासारखं दिसतं असं आमच्या बेटावर सगळेच म्हणतात. तो म्हणाला, "पोरा, लाकूड तूच निवड. अंधारात मला म्हाताऱ्याला काय दिसतंय?"

हे सगळं बालबीनोनंच मला पुढे एका लग्नात, चिचा दारूचे चार कटोरे पोटात गेल्यावर सांगितलं. अर्सेलियो रानात शिरला आणि झाडाला मिठी मारून, सालीवर गाल लावून कोयता चालवत होता. बालबीनोला वाटलं, ही सिपूंची पद्धत असेल. होडी भरून परत निघाले तर समोर सूर्य आला. सगळं पाणी पेटल्यासारखं झालं. अर्सेलियो पुढे बसून डोळे गच्च मिटून वल्हवत होता, गालांवरून पाणी वाहत होतं.

"अरे, खडक! डावीकडे!" बालबीनो ओरडला. होडी घासून गेली.

"दिसत नाही का रे तुला?"

"आत्ता नाही दिसत, बाबा." मग तो म्हणाला, "रानातही दिसत नव्हतं. अंधारात मला तुमच्याइतकंच दिसतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर एलिदा दिली असतीत?"

बालबीनोनं आपली मोठी टोपी काढली, पुढे वाकून अर्सेलियोच्या डोक्यावर घातली, आणि घरी येईपर्यंत मागून "डावीकडे, उजवीकडे" सांगत राहिला.

मी तेव्हा रूपेर्ताच्या दारात जीव मुठीत धरून उभी होते. तिनं लाकडं चुलीत सारली. जाळ लागेना. धूर मात्र असा उठला की घर दिसेनासं झालं. ओली लाकडं, हिरवी कच्च! सगळे खोकत, डोळे चोळत होते. एलिदा धुरानं रडत होती की कशानं, देव जाणे. अर्सेलियो मान कलती करून चुलीकडे बघत होता, आणि मला कळलं की परत जायला आपला झुला कुठे बांधलाय ते तो आठवतोय.

"हे लाकूड कुणी तोडलं?" रूपेर्ता कडाडली.

"मी," बालबीनो म्हणाला. "अंधार होता. मला दिसलं नाही."

"तीस वर्षं लाकडं आणताय तुम्ही!"

"आज दिसलं नाही म्हणतोय ना!"

रूपेर्तानं डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसले. नवऱ्याच्या उघड्या डोक्याकडे बघितलं, मग जावयाच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं. ती टोपी तिनंच विणली होती. बराच वेळ तिनं धुराला फुंकर घालायचं नाटक केलं.

"उद्यापासून ह्या दोघांना अंधारात पाठवायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि उन्हातही नाही. ढग आले की जा."

दोघांना म्हणाली ती. मी तिथेच दाराला धरून रडले, आणि धुराचं निमित्त आयतंच होतं.

आता एलिदाला तीन मुलं आहेत. आभाळ भरून आलं की आमच्या गल्लीपर्यंत रूपेर्ताची हाक ऐकू येते, "जावईबापू, ऊन गेलंय! टोपी घ्या, आणि त्या म्हाताऱ्यालाही उठवा!"