डब्याचा पोचा

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिघांनी चहा घेतला. मी, माझी बायको आणि तो सिंधी मिस्त्री. प्यायच्या आधी त्यानं नेहमीसारखी कपावर नखानं टकटक केली. हातात येईल ती वस्तू तो आधी वाजवून बघायचा. मला त्याचा वैतागच यायचा.

उल्हासनगरात आमच्या खोलीला लागून त्याचा गाळा. तिथं तो एकटाच. धातू कापणाऱ्या मिलिंग मशीननं आपला कटर आपणच बदलावा म्हणून त्यानं आठ कटरांचं फिरतं चाक बनवलं होतं. तसली मशीन तेव्हा परदेशातूनच यायची. पण याचं चाक नेमक्या जागी थांबेचना. वर्षभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

चहा पिता पिता त्या चाकाचं ऐकून बायकोनं मिसळणाचा गोल डबा पुढं ओढला. "याच्या कडेला पोचा आलाय बघा, भाऊ. अंगठा पोच्यात बसला की हळद समोर."

त्यानं डबा पाचसहा वेळा फिरवला. "भाभी, घेऊन जाऊ?"

"न्या. पण सकाळी आणा, नाहीतर यांना पांढरं वरण वाढावं लागेल."

पहाटे ती झोपेतच गेली.

सकाळी तो हसत दारात आला. "भाभी, थांबलं! चाकाला खाच पाडली..." आतलं बघितलं. चपला काढल्या, बसलेल्या माणसांमधून स्वयंपाकघरात गेला आणि पोचा समोर येईल असा डबा फळीवर ठेवला. टकटक केली नाही.